क्रेसेंट आणि त्याचं गोत

स्लॅब भरून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम पहिलं काम लावतो ते पाण्याचं. स्लॅबवर बोटभर उंचीचे बांध घालून वाफे करायचे आणि त्यांत पाणी कोंडून ठेवायचं. कॉलमना गोणपाट गुंडाळायचं, दिवसातून दोन-तीनदा पाइपने भिजवायचं. पहिल्यांदाच घर बांधणारा मालक हे बघून हमखास विचारतो, ‘अहो, वाळू द्या ना जरा, ओलं कशाला करताय?’

मालकाची समजूत चुकीची आहे आणि मुकादमाचं बरोबर आहे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटचे कण आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, तिच्यातून कॅल्शियम, सिलिका आणि पाणी मिळून एक नवाच पदार्थ तयार होतो, आणि तो कणाकणाभोवती अक्षरशः वाढायला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू आणि सुया दिसतात. शेजारच्या कणावर वाढणाऱ्या सुया या कणाच्या सुयांत घुसतात, वाळू आणि खडी त्या जाळ्यात अडकते, आणि दगडासारखा एकसंध गोळा तयार होतो. पाणी लवकर उडून गेलं तर ही वाढ अर्ध्यावर थांबते आणि स्लॅबला चिरा पडतात. म्हणून निदान सात दिवस पाणी मारायचं. ताकद तपासायची ती 28 दिवसांनी, आणि त्यानंतरही ती थोडी थोडी वाढत राहते.

काँक्रीट हा शब्द लॅटिनमधल्या ‘कोंक्रेस्केरे’ या क्रियापदावरून आला आहे. ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे आणि ‘कोन’ म्हणजे एकत्र, म्हणून काँक्रीट म्हणजे ‘एकत्र वाढून एकजीव झालेलं’. ज्यांनी हा शब्द बांधकामाला लावला त्यांना सिमेंटच्या सुयांची काहीच कल्पना नव्हती, तरी नाव नेमकं बसलं.

गंमत म्हणजे ज्या रोमन लोकांची ही भाषा, त्यांनी आपल्या काँक्रीटला काँक्रीट म्हटलं नाही. रोममधल्या पँथिऑनचा 43 मीटर व्यासाचा घुमट लोखंडाची एक सळईही न घालता सुमारे 1,900 वर्षं उभा आहे. त्या बांधकामाला ते ‘ओपुस काएमेंतिकियुम’ म्हणत, म्हणजे दगडांच्या कपच्यांचं काम. त्यातल्या कपच्यांवरून पुढे ‘सिमेंट’ आला. काँक्रीट हा शब्द मात्र मधली काही शतकं तर्कशास्त्राच्या पंडितांकडे राहिला. ‘पांढरेपणा’ हा नुसता गुण अमूर्त, आणि ‘पांढरी गाय’ म्हणजे गुण आणि वस्तू एकत्र वाढलेली, म्हणून ती काँक्रीट, अशी त्यांची मांडणी. आज ऑफिसात ‘काहीतरी काँक्रीट बोला’ असं साहेब म्हणतात ते या पंडितांच्या परंपरेतलं असतं, बिल्डरच्या नव्हे. 1824 मध्ये लीड्सच्या जोसेफ अस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर दहाएक वर्षांत इंग्रजीत हा शब्द बांधकामावर आला.

एवढं काँक्रीटबद्दल लिहिलं, पण या प्रकरणाचा नायक तो नव्हे. नायक आहे ‘क्रेसेंट’, आणि काँक्रीट हा त्याच्याच गोतातला. हे गोत मोठं आहे. त्यातल्या बहुतेकांना आपण रोज भेटतो आणि ते एकमेकांचे सगे आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही.

क्रेसेंटचा मूळ अर्थ कोर नव्हे. त्याचा अर्थ ‘वाढणारा’ किंवा ‘वाढणारी’. लॅटिनमध्ये ‘लूना क्रेस्केन्स’ म्हणजे वाढत जाणारी चंद्रकला, आपल्या शुक्ल पक्षातली. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा चंद्र गळून पडला, वाढही गळून पडली आणि उरला तो फक्त आकार: आत वळलेला, दोन्ही टोकं निमुळती असलेला. एकदा आकार उरला म्हटल्यावर तो कशालाही चिकटवता येतो. दागिन्याला, ढालीवरच्या चिन्हाला, अर्धगोल वळणाऱ्या घरांच्या ओळीला. बाथ शहरातली ‘रॉयल क्रेसेंट’ ही तीस घरांची प्रसिद्ध ओळ धाकट्या जॉन वूडने 1767 पासून बांधायला घेतली, आणि मग इंग्लंडभर रस्त्यांना क्रेसेंट म्हणायची टूम निघाली. रस्ता काही वाढत नव्हता, वळत होता. ऑटोमन तुर्कांनी 1870 च्या दशकातल्या रशियाबरोबरच्या युद्धात जखमींच्या मदतीसाठी रेड क्रॉसऐवजी लाल चंद्रकोर वापरली, आणि 1929 च्या जिनिव्हा करारात त्या चिन्हाला मान्यता मिळाली. रेड क्रेसेंट या नावात तर वाढ शोधायचं कुणाच्या मनातही येत नाही.

याचा परिणाम खगोलशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत बघायला मिळतो. वद्य द्वादशीच्या पहाटे दिसणाऱ्या कोरेला तिथे ‘वेनिंग क्रेसेंट’ म्हणतात. शब्दशः बघितलं तर ‘घटणारी वाढती’. इंग्रज माणसाला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या कानाला क्रेसेंटमधली वाढ ऐकूच येत नाही. उलट वाढणाऱ्या कोरेला त्याला ‘वॅक्सिंग क्रेसेंट’ म्हणावं लागतं, म्हणजे ‘वाढणारी वाढती’. हा ‘वॅक्स’ मेणाचा नव्हे आणि ब्यूटी पार्लरमधला तर नव्हेच. वाढणे या अर्थाचं ते अस्सल इंग्रजी क्रियापद आहे, आणि त्याचं आपल्याशी दूरचं नातंही आहे. संस्कृतातला ‘उक्ष्’ म्हणजे बळकट होणे हा धातू आणि मराठीत अजून ताजा असलेला ‘ओज’ हा शब्द, दोन्ही त्याच जुन्या कुळातले. इंग्रजीत ते क्रियापद आता म्हातारं झालं आहे. चंद्र सोडला तर फारसं कुणासाठी बाहेर पडत नाही.

इंग्रजांना हसण्याआधी आपण आपल्या ‘वाढणे’कडे बघावं हे बरं. नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढली म्हणजे फुटली. दिवा वाढवला म्हणजे मालवला. दुकान वाढवलं म्हणजे फळ्या लावून घरी गेलो. फुटणं, विझणं, संपणं हे शब्द तोंडातून जाऊ नयेत म्हणून आपण त्यांच्या जागी नेमका उलट अर्थाचा शब्द बसवला, आणि परक्या माणसाला ते समजावताना पंचाईत होते. फरक इतकाच की आपण हे जाणूनबुजून, अशुभ टाळायला केलं. इंग्रजीत ते विसरण्यातून झालं.

चंद्राच्या बाबतीत आपली भाषा जास्त सावध राहिली हे मात्र खरं. ‘कोर’ हा आपल्याकडे निव्वळ आकाराचा शब्द आहे, त्याने वाढीचा दावा कधी केलाच नाही. वाढ सांगायची तेव्हा वेगळा शब्द वापरायचा. शिवाजी महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत राज्याची थोरवी प्रतिपदेच्या चंद्रकलेसारखी वाढत जाणारी आहे असं म्हटलं आहे आणि तिथे ‘वर्धिष्णू’ हा शब्द योजला आहे. ‘क्रेस्केन्स’ला याहून चपखल प्रतिशब्द शोधून सापडायचा नाही.

युरोपात वाढता चंद्र ओळखायची एक युक्ती मुलांना शिकवतात. रोमन लिपीतल्या ‘डी’ अक्षरासारखा दिसला तर वाढतो आहे आणि ‘सी’सारखा दिसला तर घटतो आहे. पण लॅटिनमध्ये ‘सी’ हे क्रेस्केन्सचं, म्हणजे वाढीचं आद्याक्षर, आणि ‘डी’ हे देक्रेस्केन्सचं, म्हणजे घटीचं. चंद्र बरोबर उलटी अक्षरं काढतो, म्हणून तो खोटारडा अशी जुनी लॅटिन थट्टा आहे. आपल्याकडे ही युक्ती नीट चालत नाही. महाराष्ट्र विषुववृत्तापासून तितका लांब नसल्यामुळे इथे संध्याकाळची कोर बरीच आडवी दिसते, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तर दोन्ही टोकं वर केलेल्या होडीसारखी. कपाळावरची चंद्रकोर आपण टोकं वर करून रेखतो. आपल्या आकाशात ती तशीच दिसते.

आता खाण्याकडे वळू. बेकरीत मिळणारा क्रुआसाँ म्हणजे फ्रेंच उच्चारातला क्रेसेंटच. त्याच्याबद्दलची कथा तुम्ही ऐकली असेल. 1683 साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, रात्री जागणाऱ्या भटारखान्यातल्या लोकांना जमिनीखाली सुरुंग खणल्याचे आवाज आले, त्यांनी सैन्याला सावध केलं, शहर वाचलं, आणि विजयाची आठवण म्हणून त्यांनी तुर्कांच्या निशाणावरच्या चंद्रकोरीच्या आकाराचा पाव केला. कथा छान आहे, म्हणूनच ती टिकली. पण त्या काळातला पुरावा तिला नाही, आणि ‘किप्फर्ल’ नावाचा कोरीच्या आकाराचा पाव ऑस्ट्रियात त्या वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होत होता. खरा इतिहास ऑगस्ट झांग नावाच्या एका माजी तोफखाना अधिकाऱ्याचा आहे. त्याने 1830 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, ती धो धो चालली, आणि पॅरिसच्या लोकांनी त्याच्या किप्फर्लला आपल्या भाषेतल्या चंद्राचं नाव दिलं. लोण्याचे थर देऊन लाटलेला आजचा खुसखुशीत प्रकार त्याच्याही नंतरचा. झांग पुढे व्हिएन्नाला परतला आणि 1848 मध्ये त्याने ‘दी प्रेसे’ हे वर्तमानपत्र काढलं. बेकरीतून संपादकाच्या खुर्चीत गेलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. चंद्राचं नाव खाण्याला देणं आपल्यालाही परकं नाही. भाकरीची कोर आपण मोडतोच, आणि भुकेलेल्याला निदान चतकोर तरी देतो.

क्रेस्केरेचा सैन्यातला प्रवास मला सगळ्यांत मजेचा वाटतो. सैन्यात माणसं मरतात, पळतात, आजारी पडतात. मग नवी भरती करून आकडा वाढवावा लागतो. अशा कुमकेला जुन्या फ्रेंचमध्ये ‘क्रू’ म्हणत, म्हणजे ‘वाढ’. इंग्रजीत पंधराव्या शतकात तो याच अर्थाने आला. पुढे कुमक म्हणून आलेली टोळी, मग कसलीही टोळी, मग जहाजावरचे खलाशी असा तो सरकत गेला. आज विमानात ‘केबिन क्रू’ची घोषणा होते तेव्हा तिथे कुणी वाढलेलं नसतं. चहा-नाश्त्याचं वाढणं तेवढं असतं, पण तो योगायोग मराठीचा.

क्रूचा सख्खा भाऊ ‘रिक्रूट’. ‘रे’ म्हणजे पुन्हा. कापलेल्या झाडाला पुन्हा फुटवा यावा तशी सैन्याला आलेली नवी पालवी. सतराव्या शतकात हा शब्द हॉलंडमध्ये छापल्या जाणाऱ्या फ्रेंच वार्तापत्रांतून पसरला आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या फ्रेंच लेखकांनी त्याला नाकं मुरडली. नाकं मुरडून शब्द थांबत नसतात. तो इंग्रजीत आला, इंग्रजी पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला, आणि छावणीतल्या शिपायांच्या तोंडी त्याचा ‘रंगरूट’ झाला. ‘रंग’ आपल्या ओळखीचा, त्यामुळे शब्द एकदम घरचा वाटायला लागला. कवायतीच्या मैदानावर उजवा-डावा न कळणाऱ्या पोराला रंगरूट म्हणणाऱ्या हवालदाराला सांगायला हवं होतं की तू या पोराला ‘नवी पालवी’ म्हणतो आहेस.

वाढणे या क्रियापदाचं एक प्रयोजक रूप असतं: वाढवणे. क्रेस्केरेच्या शेजारी लॅटिनमध्ये ‘क्रेआरे’ आहे, म्हणजे वाढीला लावणे, जन्माला घालणे. त्यावरून इंग्रजी ‘क्रिएट’. म्हणजे आजच्या मोटिव्हेशनल भाषणांतली ‘क्रिएटिव्हिटी’ मुळात शेतकऱ्याच्या आणि आईच्या कामाची आहे. शेतीची रोमन देवी ‘केरेस’ त्याच कुळातली. तिच्या नावावरून धान्याला ‘सीरियल’ हा शब्द मिळाला. 1 जानेवारी 1801 रोजी जुझेप्पे पियाझी याने पालेर्मोहून मंगळ आणि गुरू यांच्या मधे फिरणारा एक गोल शोधला आणि त्याला हिचं नाव दिलं. दोन वर्षांनी सापडलेल्या मूलद्रव्याला त्या गोलावरून ‘सीरियम’ म्हटलं गेलं, आणि सिगारेट लायटरच्या ठिणगी देणाऱ्या खड्यात तेच सीरियम असतं. नाचणी-ज्वारी, आकाशातला गोल आणि लायटरचा खडा यांना एका ओळीत बसवणारा दुवा एवढाच.

‘क्रेआरे’ची एक शाखा पोर्तुगीजांकडून थेट रायगड जिल्ह्यात येऊन पोचली आहे. पोर्तुगीजमध्ये ‘क्रिआर’ म्हणजे वाढवणे, पालनपोषण करणे. त्यावरून ‘क्रिओलो’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मून वाढलेला. आधी तो गुलामांच्या मुलांना लागला, अमेरिका खंडात तिथेच जन्मलेल्या युरोपियनांना लागला, आणि शेवटी अशा वसाहतींत दोन भाषांच्या मिश्रणातून वाढलेल्या नव्या भाषांना लागला. त्याच ‘क्रिओल’ भाषा.

अशी एक भाषा मुरूड तालुक्यातल्या कोर्लई गावात आजही बोलली जाते. चौल-रेवदंड्याच्या खाडीच्या मुखावर किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या पायथ्याला गाव आहे. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले आणि चौलचा मुलूख मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, धर्मगुरूंची पोर्तुगीज गेली, पण इथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरातली बोली राहिली. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण अडीचशेहून अधिक वर्षं चहूबाजूंनी मराठी ऐकून वाक्याची घडण बदललेली. पोर्तुगीज माणूस क्रियापद मधे घालतो, कोर्लईचा माणूस मराठीसारखं शेवटी घालतो. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर सविस्तर काम केलं आहे. अलिबाग-मुरूडला जाणारे पर्यटक किल्ला आणि दीपगृह बघून परततात. पायथ्याच्या गावात जगातल्या फार थोड्या लोकांना येणारी एक भाषा कानावर पडू शकते हे त्यांच्या गावीही नसतं.

बँकेतही हे गोत आहे. ठेवीवर साठत जाणारं, पण अजून हातात न आलेलं व्याज म्हणजे ‘अ‍ॅक्रूड इंटरेस्ट’. तो ‘अ‍ॅक्रू’ म्हणजे ‘अद् + क्रेस्केरे’, भर पडत जाणे. पगारातलं ‘इन्क्रिमेंट’ही तिथलंच. यात आपण मागे नाही: संस्कृतात व्याजाला ‘वृद्धी’ असाच शब्द आहे आणि चक्रवृद्धीचं चक्रवाढ झालेलं कर्ज काय करतं हे सांगायला कोश लागत नाही. ग्रीकांनी तर व्याजाला ‘तोकोस’, म्हणजे अपत्य म्हटलं. पैशाने पैसा व्यायला, इतका उघड हिशोब.

एक सावधगिरीची सूचना. ‘अडोलेसेंट’ हा शब्द क्रेसेंटसारखा दिसतो, त्यात वाढही आहे, तरी तो या गोतातला नाही. तो ‘आलेरे’ म्हणजे पोसणे या धातूवरून आला. वाढू लागलेला तो अडोलेसेंट आणि वाढून झालेला तो ‘अ‍ॅडल्ट’, ही जोडी एकाच धातूची. दोन्हीकडे दिसणारं ‘एसेंट’ हा लॅटिनमधल्या एका प्रत्ययाचा अवशेष आहे. क्रिया सुरू आहे, अजून पुरी झालेली नाही, असं तो सांगतो. ‘क्रेसेंट’ला मुळात हेच सांगायचं होतं.

तेच सांगणारा, आणि सध्या सगळ्यांत जास्त हाल सोसणारा शब्द म्हणजे ‘क्रेशेंडो’. इटालियन संगीतकार लिपीत तो लिहितात तेव्हा त्याचा अर्थ ‘इथून हळूहळू आवाज वाढवत न्या’. तो चढ आहे, शिखर नव्हे. रोस्सिनी आपल्या ऑपेरांत असे लांब चढ इतके वापरी की त्याला ‘सिन्योर क्रेशेंडो’ असं टोपणनावच पडलं. पण इंग्रजीत लोक ‘क्रेशेंडोला पोचणं’ असं सर्रास लिहितात, म्हणजे शिखर गाठणं या अर्थाने. ‘ग्रेट गॅट्सबी’मध्ये 1925 सालीच हा वापर आहे, आणि आता कोशांनीही तो अर्थ नोंदवला आहे. संगीत शिकवणारे यावर चिडतात. मला त्यांची चीड समजते, पण पटत नाही. चंद्राच्या कोरीने वाढ सोडून आकार धरला तेव्हा कुणी चिडलं नाही, कुमकेचा खलाशी झाला तेव्हाही नाही. चालू क्रिया सांगणारा शब्द वस्तूवर, आकारावर किंवा शेवटावर जाऊन बसणं हे या गोताचं जुनंच वळण आहे. क्रेशेंडोचं तेच झालं, फक्त ते आपल्या डोळ्यांदेखत झालं. गायकाने आणि वादकाने मात्र मूळ अर्थच पाळावा. स्वरलिपीत तो शब्द आजही आज्ञा आहे.

मूळ अर्थ कानांनी समजून घ्यायचा असेल तर मोरिस रावेलचं 1928 सालचं ‘बोलेरो’ लावा. सुमारे पंधरा मिनिटांची ती रचना म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच क्रेशेंडो आहे. सुरुवातीचा ताशा ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. बाराव्या मिनिटाला शेजारी दार वाजवतील.